अर्धी ओवी

महानंदाला काय झालंय, ते सोनपेठच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त प्रत्येकाला वेगवेगळं ठाऊक होतं. शिवम्मा तेवढी म्हणायची, "मला काई कळंना बाई." ती महानंदाची सासू. आणि कळत होतं ते फक्त तिलाच.

फसली सन तेराशे पन्नास, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चाळीस. दिवाळी होऊन गेली होती, रानात ज्वारी पोटऱ्यात आली होती. नागप्पांचं कापडाचं दुकान पेठेत, आणि घर मठाच्या मागं. घरात माणसं चारच: नागप्पा, शिवम्मा, मुलगा शिवरुद्र आणि सून महानंदा. महानंदा पूर्ण्याची. ठेसणाच्या आवाजात वाढलेली पोर. तिला नुसत्या शिट्टीवरून गाडी कळायची, ही हिंगोलीची, ही मनमाडाकडून आलेली. लग्न होऊन आली तेव्हा म्हणायची, "आत्याबाई, तुमच्या गावात कान रिकामे रिकामे वाटतात." आणि मग तोंडावर पदर धरून हसायची. कासाराशी बांगड्यांच्या मापावरून भांडायची. कारळाची चटणी अशी कुटायची, की शेजारची माणसं भाकरी घेऊन ओट्यावर यायची.

आणि एक दिवस त्या चटणीत मीठ नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही नव्हतं. शिवरुद्र म्हणाला, "अगं, मीठ?" तर तिनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं काही तो परमुलखातला माणूस होता आणि परमुलखातलंच काही मागत होता. मेलं कुणी नव्हतं. भांडण झालं नव्हतं. कूस उजवली नव्हती हे खरं, पण लग्नाला तीनच वर्षं झाली होती आणि त्यावरून घरात कुणी तिला टोचलं नव्हतं. सबब शोधून सापडत नव्हती. दिवस मोठा की रात्र मोठी हे तिला कळेनासं झालं. न्हाणीत गेली की पाणी गार होऊन जायचं तरी ती तशीच बसलेली.

माहेरची ओढ असेल म्हणून तिला पूर्ण्याला पंधरा दिवस धाडलं. ती गेली तशीच परत आली. तिचा बाप सांगत होता, "गाड्या आल्या, गेल्या. पोरीनं मान बी उचलली न्हाई."

मग उपाय सुरू झाले. जात्यावर हात लावायला पारूबाई यायची, मराठ्याची, जिभेची तिखट, शिवम्माच्याच वयाची. तिनं देवऋष्याकडून लिंबू उतरवून आणलं. दर्ग्यातला हिरवा दोरा आला, तो मनगटाला बांधला. शेवटी हकीमसाहेब आले. त्यांनी नाडी धरली, जीभ पाहिली आणि डोळ्याची पापणी खाली ओढली.

"बिमारी हाय, शिवम्माबाई," ते म्हणाले. "हमारे किताबां में इसकू मालीखोलिया बोलते. अंगात काळं पित्त वाढतं, अन् दिल बुझून जातो. खमीरा देतो, सकाळी चाटवा. अन् एक बात ध्यानात ठेवा, हिला अकेली सोडू नका."

"भुताचं काई न्हाई ना, हकीमसाब?" पारूबाईनं विचारलं.

"भूत असतं तर बोललं असतं बाई. ये तो बोलतीच नहीं."

खमिऱ्याची बरणी फडताळात गेली. पहिले आठ दिवस चाटवला. मग जे झालं, त्यात औषधाची आठवण कुणालाच राहिली नाही.

लिंगायताच्या घरात लिंगाला पाणी घातल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हे लहान लेकरालाही ठाऊक. गळ्यातली चांदीची डबी उघडायची, इष्टलिंग डाव्या तळव्यावर ठेवायचं, पाणी, भस्म, बेल, आणि नजर त्याच्यावर लावून बसायचं. घरच्या धबडग्यात बायकांची पूजा घडीभरात आटपते. महानंदाची आटपेना. ती सकाळी न्हाऊन देवघराच्या कोपऱ्यात बसायची, तळवा छातीशी धरायची आणि ऊन माजघरात येईपर्यंत तशीच. हात हलत नव्हता, मान हलत नव्हती. पूजा व्हायची होती म्हणून जेवण नव्हतं. दुपार कलली की शिवम्मा तिच्या हाताला धरून उठवायची, अर्धी चतकोर भाकरी पोटात जायची, कधी तीही नाही.

हे प्रथम पाहिलं ते नागप्पांच्या चुलत भावजयीनं. ती हळदीला आमंत्रण द्यायला आली आणि दारातच थबकली.

"शिवा शिवा! किती येळ झाला बसल्याला?"

"सकाळधरनं," शिवम्मा म्हणाली.

"पापणी बी हालंना गं! शिवम्मा, तुझी सून काई आजारी न्हाई. तुला लिंगात मन बुडालेली बाई वळखू येईना का?"

ही गोष्ट त्याच संध्याकाळी पेठेत पोचली. सोमवारी पाच बायका आल्या. पुढच्या सोमवारी वीस. दारात खडीसाखर, नारळ, बेलाच्या टोपल्या. कुणाची म्हैस आटली होती, कुणाचा नवरा धान्याच्या मोंढ्यात नोकरीला लागत नव्हता. महानंदा कुणाकडं पाहत नव्हती, त्यामुळं तर माणसं जास्तच वाकत होती. कुणी तिला अक्का म्हणायला लागलं. तेवीस वर्षांच्या पोरीला सत्तर वर्षांची म्हातारी अक्का म्हणून पाया पडली.

शिवम्माला हे आवडलं, हे सांगायला पाहिजे. कालपर्यंत "खुळी सून" म्हणणाऱ्या बायका आज तिच्या उंबऱ्यावर चपला काढून आत येत होत्या. बाजाराच्या दिवशी कुणीतरी तिला वाट दिली. घरात जे काळं, मुकं, बिननावाचं येऊन बसलं होतं, त्याला एकदम चांगलं नाव मिळालं होतं. अशा नावाला कोण नको म्हणेल? शिवरुद्र तेवढा गप्प असायचा. एकदा तो न्हाणीच्या दाराशी म्हणाला, "माय, ती माज्याशी बोलंना की गं."

"योगी माणूस बोलत नसतंय," शिवम्मा म्हणाली, आणि आपल्याच तोंडातलं ते वाक्य तिला अनोळखी वाटलं.

नागप्पांनी तर गावकीशी बोलून ठरवूनच टाकलं. महाशिवरात्रीला महानंदाला मठात नेऊन बसवायचं. पुढं तिथंच एक खोली द्यायची. अशा बाईला संसारात ठेवणं बरं नव्हे.

शिवरात्र नऊ दिवसांवर आली होती, तेव्हाच्या सोमवारी शिवम्मा दुपारी गर्दी ओसरल्यावर देवघरात गेली. सकाळी तिनं स्वतः परसातला बेल तोडून परडीत ठेवला होता. परडी तशीच भरलेली होती. तांब्या काठोकाठ होता, त्यावर एक मुंगी मरून तरंगत होती. तिनं वाकून सुनेच्या तळव्याकडं पाहिलं. लिंगावरचं भस्म आजचं नव्हतं. कालचंही नव्हतं. वाळून त्याला बारीक भेगा गेल्या होत्या.

मग तिनं महानंदाचे डोळे पाहिले. ते लिंगावर नव्हतेच. लिंगाच्या वरून, उंबऱ्यावरून, उघड्या दारातून ते परसात गेले होते, आडाच्या काठापर्यंत. आणि तिथंच थांबले होते.

शिवम्मा हळूच सरळ झाली. तो आड तिला ठाऊक होता. तिकडं तसं पाहणंही ठाऊक होतं.

ती तशीच उन्हात मठात गेली. मठाचे सिद्धलिंगस्वामी म्हातारे जंगम, लिंगायतांचे गुरू. ओसरीवर बसून ते भस्माच्या गोळ्या वळत होते.

"स्वामी, माज्या सुनंला मठात नेऊ नका."

"का माय? गाव तर म्हणतंय लय मोठा अधिकार हाय."

"तिच्या लिंगाला पाणी न्हाई," शिवम्मा म्हणाली. "किती दिस झाले, मला ठाव न्हाई. ती पूजा करायली न्हाई. ती नुस्ती बसायलीय. अन् आडाकडं बघायलीय."

स्वामींचे हात थांबले. त्यांनी गोळ्या बाजूला सारल्या. अंगावर उपरणं टाकलं आणि तिच्यामागं घरी आले. ते दारात दिसले तशी बातमी गेली, आणि नागप्पा दुकान शिवरुद्रावर टाकून आले, त्यांच्यामागं आणखी दहाजण.

स्वामी महानंदापुढं मांडी घालून बसले. तळवा पाहिला. एखाद्या लेकराला विचारावं तसं हळू म्हणाले, "थकलीस का गं माय?"

महानंदानं हो म्हणून मान हलवली. एकदाच.

"मग ठीव आता डबीत. तुला जमंल तवा काढ. त्याला काई घाई न्हाई."

त्यांनी स्वतःच्या हातानं ते लिंग पुसलं, डबीत ठेवलं आणि बाहेर येऊन जमलेल्या माणसांना म्हणाले, "शिवरातीला मठात कुणी बसणार न्हाई. लेकरू आजारी हाय. सोमवारी हितं कुणी यायचं न्हाई."

नागप्पांचा चेहरा उतरला. "स्वामी, अहो, चाळीस चाळीस माणसं पाया पडून गेली!"

"पडू द्या की. तुमच्या उंबऱ्याला बी पडतात, म्हणून काय त्याला मठात न्यायचं?"

कुणीतरी हसलं. पारूबाईच असणार.

गर्दी गेली. पण गर्दीबरोबर महानंदाला उठून बसायला जी एक जागा होती, तीही गेली. ती आता अंथरुणावरच असायची, भिंतीकडं तोंड करून. शिवम्मा तिला डोळ्याआड होऊ देत नव्हती. आडावर फळ्या टाकून वर पाटा ठेवला, पाणी शेजारून आणलं. पण फळ्या टाकून भागतं का? तिच्या डोक्यात आलं, आपल्या घरात एकच गोष्ट खरी चालते, ती म्हणजे नेम. तिनं नेम धरला: महानंदाच्या लिंगाला पाणी पडल्याशिवाय आपण जेवायचं नाही.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. शिवम्मा पन्नाशीची, अंगात ताकद होती. पण तिसऱ्या दिवशी चुलीपुढून उठताना तिला घेरी आली आणि ती परातीवर पडली. परातीचा आवाज ऐकून महानंदा दारात आली. किती दिवसांनी ती आपण होऊन अंथरुणातून उठली होती.

"आत्याबाई," ती म्हणाली. आवाज गंजलेल्या कडीसारखा. "आसं नका करू. तुमी उपाशी ऱ्हायलात की मला आजून वझं होतंय. आधीच उचलंना."

आणि परत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली.

शिवम्मा जमिनीवर बसून राहिली. तिला राग आला, मग लाज वाटली. परवापरवापर्यंत गावानं पोरीच्या डोक्यावर थोरपण ठेवलं होतं. आपण ते उतरवलं आणि त्या जागी आपली उपासमार ठेवली. तिनं ताट वाढून घेतलं. महानंदाच्या अंथरुणाशी बसली आणि तिथंच, नेम मोडून, भाकरी कुस्करून खाल्ली. मचमच आवाज करत खाल्ली. मग पाणी पिऊन म्हणाली:

"ऐक. न्हाई ऐकलंस तरी चालंल, मी सांगणार हाय.

"मी एकोणीस वर्षांची व्हते. ह्याच घरात. आसंच झालं व्हतं. मला वाटायचं, माज्या आंगात ओली वाळू भरलीय. कुणी हाक मारली की लांबून, नदीच्या पल्याडून मारल्यावानी वाटायची. माज्या सासूनं गावात सांगितलं, सुनंनं मौनव्रत धरलंय. लय कौतुक झालं. साडीचोळी आली. मला कुणी इच्यारलंच न्हाई. सहा म्हैने मी त्या व्रतात अडकून पडले. आता तोंड उघडलं तर व्रत मोडलं म्हणतील, ह्याचं भ्या.

"एका पहाटंला मी उठले अन् आडावर जाऊन बसले. पाय आत सोडून. इच्यार काईच नव्हता. तेवढ्यात शेजारच्या घरात जातं लागलं. वच्छलाबाई म्हणून व्हती, आता न्हाई ती. तिनं वळ धरली:

*गोदेच्या काठाला गं, वाळू पांढरी निजली…*

"अन् थांबली. मी म्हणलं, आता दुसरी वळ म्हणंल. म्हणंना. जातं बी थांबलं. लेकरू उठलं असंल तिचं. मी बसून ऱ्हायले. पाय सुन्न झाले. उजाडलं, गडी पोहरा घेऊन आला, मला उठावं लागलं. एवढंच. कुणी देव आला न्हाई अन् कुणी हात धरला न्हाई. दुसऱ्या वळीसाठी थांबले, बस्स."

महानंदा भिंतीकडंच पाहत होती. पण तिचा श्वास ऐकू येईनासा झाला होता, म्हणजे ती ऐकत होती.

"मग गेलं कसं ते?" तिनं विचारलं.

"ठाव न्हाई. एक दिस वरणात मीठ लागलं जिभंला. दुसऱ्या दिशी परत न्हाई. असंच जात-येत गेलं. खोटं कशाला सांगू, मागनं दोनदा आलं बी. पण मंग मला त्याची चाल वळखू यायली."

"दुसरी वळ काय व्हती?"

"इच्यारायची ऱ्हायली. अन् मग वच्छलाबाई पटकीत गेली."

त्यानंतर शिवम्मानं दोनच गोष्टी केल्या. फडताळातली खमिऱ्याची बरणी खाली काढली. आणि जातं माजघरातून उचलून महानंदाच्या अंथरुणाशेजारी मांडलं. पारूबाई आली तशी बघतच राहिली.

"हितं? झोपलेल्या माणसाच्या कानाशी? शिवम्मा, सुनंचं राहू दे, आधी तुलाच देवऋष्याकडं नेते."

"दळ गं गुमान."

रोज सकाळी दोघी बसायच्या. पारूबाईच्या ओव्या भावाच्या, लेकीच्या, वांड बैलाच्या. शिवम्माची पाळी आली की ती एकच ओळ धरायची, *गोदेच्या काठाला गं, वाळू पांढरी निजली*, आणि तिथं थांबायची. तीस वर्षं तिनं त्या ओळीला जोड लावून पाहिली होती. कधी सीता आली, कधी मासोळी आली, कधी कुणाचा नवरा नावेतून आला. एकही बसली नव्हती.

"आगं, पुढं तर म्हण!" पारूबाई चिडायची. "रोज त्या वाळूला निजवतीस अन् उठवत न्हाईस!"

"मला येत न्हाई पुढची."

"मग मी म्हणते. *तिच्यावर माझ्या म्हशीनं…*"

"तुजी म्हैस ठीव तुज्यापाशी."

शिवरात्र होऊन गेली. होळी होऊन गेली. नवी ज्वारी घरात आली, तिचा दाणा मऊ, पीठ पांढरंधोप. महानंदा कधी उठून बसायची, कधी चार दिवस पुन्हा पडून राहायची. शिवरुद्रानं दुकानातून येताना तिच्याशी बोलायला सुरुवात केली. उत्तराची वाट न पाहता तो सांगायचा, आज कोणतं गिऱ्हाईक आलं, कुणी थान उलगडायला लावून काही न घेताच गेलं. एकदा ती म्हणाली, "तुमी लय बोलायलात." तो दिवसभर हे ज्याला त्याला सांगत फिरला.

नागप्पा मात्र सुनेशी बोलेनात. एक संत हातचा गेला, याचं दुःख त्यांना बरेच दिवस होतं.

चैत्र लागला. त्या दिवशी पारूबाईच्या हाताला काटा लागला होता, म्हणून शिवम्मा एकटीच दळायला बसली. एकटीला जातं जड. चार फेरे झाले की थांबायची. पारूबाई उंबऱ्याशी बसून काटा काढत होती आणि काट्याला शिव्या देत होती. शिवम्मानं दमल्या आवाजात ओळ धरली:

*गोदेच्या काठाला गं, वाळू पांढरी निजली…*

आणि नेहमीसारखी थांबली. जात्याची घरघरही मंदावली. अंथरुणावरून, भिंतीकडूनच, आवाज आला. चाल नीट नव्हती. गाणं म्हणावं तसं नव्हतंच ते, कुणीतरी आपली हकीकत सांगावी तसं होतं:

*माझ्या डोळ्यांच्या पाण्यानं, न्हाई मूठभर भिजली.*

पारूबाईचा काटा काढणारा हात थांबला. शिवम्मानं मान वळवली नाही. तिनं तेवढंच ओळखलं की तीस वर्षं ती सीतेला, मासोळीला आणि नावेला उगीच हाका मारत होती. वच्छलाबाईच्या मनात दुसरंच काही असेल कदाचित. पण आता हीच दुसरी ओळ.

"आगं माय," पारूबाई हळूच म्हणाली, "लय कोरडी वळ हाय गं तुजी."

"आसंच हाय," महानंदा म्हणाली.

"हाय तर हाय. फिरव मग."

महानंदा उठली. केस विस्कटलेले, पायांना बळ नाही. ती जात्याच्या पलीकडच्या बाजूला बसली आणि तिनं खुंट्याला हात लावला. जोर लावला असं म्हणता येणार नाही. हात शिवम्माच्या हातावर होता, एवढंच. पण जातं फिरलं. पीठ जात्याच्या कडेनं सांडायला लागलं. शिवम्मानं पुन्हा पहिली ओळ धरली, कारण तिला दुसरं काही सुचेना, आणि महानंदानं दुसरी म्हटली. तिसऱ्या वेळी ती म्हणता म्हणता मध्येच थांबली, कारण आवाज फुटला होता. ती रडत होती, आणि रडताना जरा नवल वाटल्यासारखी आपल्या गालाला हात लावून पाहत होती.

कुणी तिला गप्प केलं नाही. पारूबाईनं काटा दाराबाहेर फेकला.

जात्यातले दाणे संपले, दगड दगडावर खरखरला. तेव्हा महानंदानं डोळे न पुसताच सुपातली मूठभर ज्वारी घेतली आणि जात्याच्या तोंडात टाकली.

त्या दिवशी लिंगाला पाणी पडलं की नाही, हे शिवम्मानं पाहिलं नाही. दुपारी तिनं मीठ न घालता चटणी कुटली, ताटात वाढली आणि मिठाची वाटी सुनेच्या हाताला येईल अशी ठेवून दिली.